अकृताचे फळ : बालकाचा मेंदूज्वर आणि कर्मविचार

कर्मसिद्धान्ताची खरी कसोटी दुर्जनाच्या वैभवाने लागत नाही. ते वैभव आज ना उद्या ओसरेल, निदान पुढच्या जन्मी त्याचा हिशेब चुकता होईल, असे म्हणून तो प्रश्न पुढे ढकलता येतो आणि सामान्य माणूस तो तसा ढकलतोही. परंतु ज्या बालकाने अद्याप एकही बुद्धिपुरस्सर कृती केलेली नाही, ज्याला आपले आणि परके यांतला भेद अजून पुरता उमगलेला नाही, त्याच्या वाट्याला प्राणांतिक वेदना आली की या जन्मातील कोणत्याही कर्माकडे बोट दाखवण्याची सोय उरत नाही, आणि सिद्धान्ताला आपला सगळा भार गतजन्मावर टाकावा लागतो. हा भार भारतीय दर्शनांनी कसा पेलला, लोकधर्माने तो कोणाच्या खांद्यावर ठेवला, आणि ज्या रोगाचे कारण व उपाय आज ठाऊक झाले आहेत त्याच्या बाबतीत तो युक्तिवाद कितपत टिकतो, याचा विचार येथे लहान मुलांच्या जीवाणूजन्य मेंदूज्वराच्या निमित्ताने केला आहे. या विचाराला एक ठिकाण असणे बरे. म्हणून नीरा–बारामती रस्त्यावरील कोऱ्हाळे बुद्रुक आणि त्याच्या भोवतीचा, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेला उसाचा मुलूख येथे समोर ठेवला आहे.

मराठीत 'मेंदूज्वर' हा शब्द दोन-तीन भिन्न आजारांना सरसकट लावला जातो. विषाणूमुळे होणारा जपानी मेंदूज्वर प्रामुख्याने मेंदूच्या पेशींनाच ग्रासतो; येथे ज्याचा विचार आहे तो आजार म्हणजे मेंदू आणि पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू यांच्याभोवती असलेल्या पातळ आवरणांना जीवाणूंमुळे येणारी सूज होय. तिला वैद्यकीय परिभाषेत मस्तिष्कावरणदाह म्हणतात. ही आवरणे आणि त्यांच्यामधून वाहणारा स्वच्छ, पाण्यासारखा द्रव यांत एरवी जंतूंना प्रवेश नसतो. रक्तात शिरलेला जीवाणू ही वेस ओलांडून आत आला, की संरक्षक पेशींना तेथे फारसा वाव नसल्याने तो झपाट्याने वाढतो, सूज येते, कवटीच्या आत दाब वाढतो, आणि सकाळी किरकिरणारे मूल रात्रीपर्यंत बेशुद्ध होऊ शकते. नवजात अर्भकात हा आजार बहुधा प्रसूतीच्या वेळी किंवा रुग्णालयात लागलेल्या जीवाणूंमुळे होतो. त्यापुढच्या वयात तीन जीवाणू मुख्य आहेत : न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हीमोफिलस इन्फ्लुएन्झा 'बी', ज्याला डॉक्टर थोडक्यात 'हिब' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जीवाणूजन्य मेंदूज्वर झालेल्या दर सहा जणांपैकी एक दगावतो, दर पाच जणांपैकी एकाला बहिरेपणा, फिट्स, अवयवांतील दुर्बलता किंवा बौद्धिक मंदत्व असे गंभीर व्यंग मागे राहते, आणि या आजाराचे सुमारे निम्मे रुग्ण पाच वर्षांखालील मुले असतात.

लहान मुलांना हा आजार अधिक का गाठतो, याचे उत्तर जीवशास्त्रात नेमके मिळते आणि ते तत्त्वचिंतनालाही उपयोगी आहे. वरील तिन्ही जीवाणूंभोवती शर्करेच्या लांब साखळ्यांचे एक कवच असते. मोठ्या माणसाचे शरीर हे कवच ओळखून त्याविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे जंतूंना जखडणारी प्रथिने, तयार करते. दोन वर्षांखालील बालकाला मात्र केवळ शर्करेचे बनलेले कवच ओळखण्याची क्षमता अजून आलेली नसते, आणि आईकडून गर्भावस्थेत मिळालेली प्रतिपिंडे जन्मानंतर काही महिन्यांत ओसरत जातात. आईचे देणे संपले आहे आणि स्वतःची कमाई सुरू झालेली नाही, अशा मधल्या काळात मूल सर्वाधिक उघडे पडते. मार्गारेट पिटमन यांनी १९३१ मध्ये हिबच्या कवचाचा उलगडा केला. पण ते कवच प्रथिनाशी जोडून तान्ह्या मुलाच्या शरीराला ओळखता येईल अशा रूपात देण्याची युक्ती साधून तान्ह्यांसाठीची लस वापरात यायला १९९० साल उजाडले. त्याच्या पुष्कळ आधी, सल्फा औषधे व पेनिसिलीन येण्यापूर्वी, हिब किंवा न्यूमोकोकसचा मेंदूज्वर झालेले मूल वाचणे जवळजवळ अशक्यच मानले जात असे.

ज्या समाजाला या कवचाची कल्पनाही नव्हती त्याने बालकाच्या अशा मृत्यूचा अर्थ लावायचा तरी कसा, हे पाहिले म्हणजे लोकधर्माला हसण्याची घाई उरत नाही. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात मूल जन्मल्यावर पाचव्या दिवशी पाचवी पुजतात; पाट्यावर किंवा सुपात सटवाईची मांडणी करतात, कोरा कागद व लेखणी ठेवतात, आणि रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे भवितव्य लिहिते अशी श्रद्धा असते. पूर्वी अर्भकमृत्यूंचा मोठा भाग पहिल्या काही दिवसांतच होत असल्यामुळे नशिबाच्या लेखनाची हीच वेळ ठरावी, यात अनुभवाचा अंश आहे. मात्र या कल्पनेत एक गोष्ट ठळकपणे नाही : सटवाई लिहिते ते बाळाच्या गतजन्मीच्या पापाचा निवाडा म्हणून नव्हे. ती लिहिते, एवढेच. बाळाला आणि त्याच्या आईला कोणत्याही आरोपाशिवाय दुःख सोसता यावे एवढी मोकळीक त्या कोऱ्या कागदात होती, आणि या बाबतीत लोकधर्म पंडितांच्या कर्मविचारापेक्षा अधिक दयाळू होता असे म्हणावे लागते.

वैद्यकग्रंथांची भूमिका याहून गुंतागुंतीची आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात बालकांना पीडा देणारे नऊ ग्रह सांगितले आहेत : स्कंद, स्कंदापस्मार, शकुनी, रेवती, पूतना, अंधपूतना, शीतपूतना, मुखमंडिका आणि नैगमेष. यांपैकी नैगमेषाच्या वर्णनात मूल तोंडातून फेस काढते, मधोमध वाकते आणि वर टक लावून विलाप करते असे येते. यावरून एखाद्या आजाराचे आधुनिक नाव ठामपणे काढणे धाडसाचे होईल, कारण धनुर्वात, मेंदूज्वर आणि तापातील आकडी यांची चित्रे एकमेकांत मिसळतात; परंतु वर्णन करणाऱ्याने तशी मुले जवळून पाहिली होती यात संशय राहत नाही. याच तंत्रात ग्रहांच्या उत्पत्तीचा जो अध्याय आहे तेथे, ज्या घरांत देव, पितर, ब्राह्मण, अतिथी यांचा मान राखला जात नाही आणि शौचाचार मोडला जातो, त्या घरांतील मुलांना ग्रहांनी पीडावे अशी व्यवस्था सांगितली आहे. येथे दोष बालकाचा नाही हे मान्य झाले खरे, पण तो घराकडे वळला, आणि ज्या समाजात घराचा आचार सांभाळण्याची जबाबदारी स्त्रीवर होती तेथे तो प्रत्यक्षात आईकडे वळला. आकडी आलेल्या मुलाला 'बाहेरचे झाले' म्हणून देवऋषीकडे नेणे, अंगारा लावणे, काही भागांत पोटावर डाग देणे या रीतींमागे हाच वळवलेला दोष आहे. गरोदरपणी कोणता नेम मोडला, कोणत्या देवाचा नवस फेडायचा राहिला, याची चौकशी सुरू होते, आणि ज्या तासांत शिरेतून प्रतिजैविक जायला हवे ते तास या चौकशीत जातात.

दर्शनांचा विचार या पातळीवर थांबत नाही. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात नेमका हाच आक्षेप घेतला आहे, की सृष्टीतील सुखदुःखाची विषमता पाहता ईश्वरावर पक्षपात आणि निर्दयपणा हे दोष येतात. आणि त्याला उत्तर दिले आहे, की ईश्वर प्राण्यांच्या कर्माची अपेक्षा ठेवून सृष्टी घडवतो म्हणून ते दोष येत नाहीत. शंकराचार्यांनी यासाठी पर्जन्याचा दृष्टान्त वापरला आहे : पाऊस भात आणि जव दोन्हींना सारखाच पडतो, पण कोणते रोप उगवेल हे बियांवर ठरते. पहिल्या जन्मापूर्वी कर्म कोठून आले, या पुढच्या शंकेला संसार अनादि आहे असे उत्तर मिळते. हा युक्तिवाद तर्कदृष्ट्या नेटका आहे, परंतु त्याचे प्रयोजन काय हे विसरता कामा नये. तो ईश्वराला दोषमुक्त करण्यासाठी रचलेला आहे, बालकाला दोषी ठरवण्यासाठी नव्हे. एखाद्या न्यायालयात एका पक्षाची निर्दोष सुटका झाली म्हणजे समोरच्याचा गुन्हा आपोआप सिद्ध होत नाही. पण परंपरेच्या रोजच्या वापरात हे दोन निष्कर्ष एकच मानले गेले, आणि कोणत्याही घरातील आजारी मुलाकडे पाहून 'मागल्या जन्मीचे भोग' असे सहज म्हणता येऊ लागले.

कर्मविचाराच्या बाजूने शास्त्रकारांनी आणखी एक आधार दिला. कर्माचे फळ मिळालेच नाही तर 'कृतनाश' होतो, म्हणजे केलेले वाया जाते; आणि न केलेल्या कर्माचे फळ भोगावे लागले तर 'अकृताभ्यागम' होतो, म्हणजे न केलेले अंगावर येते. हे दोन्ही दोष टाळायचे असतील तर जन्मोजन्मी चालणारे, प्रत्येकाचे स्वतंत्र असे कर्माचे खाते मानावेच लागते. लोकमान्य टिळकांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले, त्यात हा व्यूह मांडून झाल्यावर त्यांचा भर मनुष्याच्या पुढील प्रयत्नाच्या स्वातंत्र्यावर आहे. कर्माच्या नियमाने हातपाय गाळून बसण्याचे समर्थन होते हे त्यांना मान्य नव्हते. तरीही अकृताभ्यागम हा दोष आहे, असे घडूच शकत नाही किंवा घडता कामा नये, हे गृहीतक सर्वांनीच धरून ठेवले. जंतुसंसर्गाचा अभ्यास या गृहीतकाच्या थेट विरुद्ध जातो.

वर सांगितलेले तिन्ही जीवाणू कोठून येतात, हे पाहावे. ते सांडपाण्यातून किंवा डासांतून येत नाहीत; ते निरोगी माणसांच्या नाका-घशात राहतात. मेनिंगोकोकस साधारणपणे दहांपैकी एका माणसाच्या घशात कोणताही त्रास न देता वस्ती करतो, आणि न्यूमोकोकस तर लहान मुलांच्या नाकात सर्रास सापडतो. बोलताना, खोकताना, मुका घेताना उडणाऱ्या सूक्ष्म थेंबांतून ते एकाकडून दुसऱ्याकडे जातात. ज्याच्याकडून गेले त्याला कधीच काही होत नाही आणि कळतही नाही. बहुतेकदा तो घरचाच माणूस असतो, म्हणजे भावंड, शेजारचे पोर, प्रेमाने कडेवर घेणारी आत्या. येथे आत्याचे कर्म बाळाला फळले, आणि तेही असे कर्म, की ज्याला कोणताही धर्मशास्त्री पाप म्हणणार नाही. न केलेल्याचे फळ न करणाऱ्याला मिळाले. शास्त्रकारांनी जो तर्कदोष म्हणून बाजूला सारला होता तो या आजाराचा नेहमीचा मार्ग आहे.

यातून सुटण्यासाठी दोन वाटा दिसतात. पहिली म्हणजे, संसर्ग कोणाला व्हावा हेही गतकर्मानेच ठरते असे म्हणणे. ही वाट अभेद्य आहे आणि म्हणूनच रिकामी आहे, कारण मग लस घेतलेले मूल वाचते तेही कर्म, न घेतलेले दगावते तेही कर्म, आणि ज्या तत्त्वाला काहीही घडले तरी धक्का लागत नाही ते कशाचेही स्पष्टीकरण करत नाही. दुसरी वाट बौद्ध परंपरेत फार पूर्वी मोकळी झाली होती. संयुत्तनिकायातील एका सुत्तात मोळिय सीवक नावाचा परिव्राजक राजगृहाजवळच्या वेळुवनात बुद्धांना विचारतो, की माणूस जे जे सुखदुःख अनुभवतो ते सर्व पूर्वकर्मामुळेच असते असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, त्यावर आपले मत काय. बुद्ध पित्त, कफ, वात, या तिघांचा संनिपात, ऋतूतील बदल, विषम आहारविहार, बाह्य आघात आणि शेवटी कर्मविपाक अशी आठ कारणे सांगतात, आणि जे सर्वच पूर्वकर्माच्या माथी मारतात ते स्वतःला ठाऊक असलेल्याच्या आणि जगाला मान्य असलेल्याच्याही पलीकडे धावतात असे बजावतात. कर्माला आठांतले एक स्थान राहते, पण आजारपणावरची त्याची मिरासदारी जाते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात हाच धागा पुढे नेला आणि त्याला सामाजिक टोक दिले. माणसाची आजची दुःस्थिती गतजन्मीच्या कर्माने आली असे एकदा मानले, की ती दूर करण्याची जबाबदारी समाजावर आणि राज्यावर राहत नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. इतका अमानुष सिद्धान्त बुद्धांचा असू शकत नाही, असे ते आग्रहाने मांडतात. हा आग्रह ग्रंथपंडिताचा नव्हता. त्यांची चार अपत्ये बालपणीच गेली, त्यांतील राजरत्न १९२६ मध्ये गेला. ज्या पित्याने हे सोसले त्याने त्या मृत्यूंना मुलांच्या पूर्वसंचिताचा शिक्का मारणे नाकारले, ही गोष्ट चरित्राच्या तळटीपेत राहावी अशी नाही. कर्मविचारावरील त्यांच्या आक्षेपाचे वजन तिच्याशिवाय पुरते कळत नाही.

बौद्ध परंपरेतीलच किसा गोतमीची कथा मात्र आता निराळ्या नजरेने वाचावी लागते. मेलेले मूल घेऊन औषध मागत फिरणाऱ्या त्या तरुण मातेला बुद्ध सांगतात, की ज्या घरात कोणी मेले नाही तेथून मूठभर मोहरी आण. तिला तसे घर सापडत नाही आणि मृत्यूची सार्वत्रिकता तिला कळते. कोणीतरी केव्हातरी गेलेले आहे, या अर्थाने कथा आजही खरी आहे. परंतु तिचे सांत्वन ज्या जगात उभे राहिले त्या जगात लेकरू गमावलेली आईही जवळपास प्रत्येक घरात होती. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या बारामती तालुक्यातही गोतमी ज्या दारी जाईल तेथे 'आमचंही एक गेलं' असे सांगणारी बाई भेटली असती. २०२० साली महाराष्ट्राचा अर्भकमृत्युदर, म्हणजे हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणाऱ्या बालकांचे प्रमाण, सोळा होता, तर देशाचा अठ्ठावीस. आज कोऱ्हाळ्यासारख्या गावात मूल दगावले, तर ती आई ज्या दारांवर जाईल त्यांतील बहुतेक घरांतून तिला आपल्यासारखी बाई भेटणार नाही. मृत्यू दुर्मीळ झाला तसे त्याचे दुःख एकाकी झाले, आणि एकाकी दुःखाला 'माझ्याच का वाट्याला' हा प्रश्न अधिक तीव्रतेने टोचतो. सार्वत्रिकतेच्या आधारावर उभे राहिलेले जुने सांत्वन आरोग्यव्यवस्थेच्या यशानेच दुबळे केले, ही बाब धर्मचिंतकांच्या ध्यानात अजून पुरती आलेली दिसत नाही.

संसर्गाने परकृताचे दुःख मिळते तसे परकृताचे सुखही मिळते, आणि हे सुख लसीच्या रूपात मोजता येते. प्रथिनाशी जोडलेल्या लसी केवळ टोचलेल्या मुलाला वाचवत नाहीत. त्या त्याच्या नाका-घशातील जीवाणूंची वस्तीच कमी करतात, आणि म्हणून पुरेशा मुलांना लस मिळाली, की न टोचलेल्यांनाही, टोचण्याइतके मोठे न झालेल्या तान्ह्यांनाही, संरक्षण मिळते. मार्कंडेय पुराणात विपश्चित् राजाची कथा आहे. तो काही काळ नरकाच्या वाटेने नेला जातो, त्याच्या अंगावरून येणाऱ्या वाऱ्याने तेथील जिवांच्या यातना शमतात, हे कळल्यावर तो तेथून निघायला नकार देतो आणि आपले पुण्य त्यांना देऊन टाकतो. पुण्य देता येते की नाही यावर मीमांसकांचे एकमत नव्हते, कारण देता आले तर प्रत्येकाच्या स्वतंत्र खात्याला अर्थ राहत नाही. लोकमानसाने मात्र ही देवघेव कधीच मान्य केली होती. श्वासाने दुसऱ्याचे अहित होते तसे, योग्य वेळी दंडावर घेतलेल्या एका सुईने दुसऱ्याच्या लेकराचे हित होते. हे विपश्चिताच्या वाऱ्याहून कमी अद्भुत नाही, फक्त त्यासाठी नरकापर्यंत जावे लागत नाही.

मग ज्याने आपल्या मुलाला लस दिली नाही त्याच्याकडून हिंसा घडली काय? बारामती, इंदापूर आणि फलटणच्या बाजारपेठांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या जैन कुटुंबांच्या परंपरेत या प्रश्नाचे एक काटेकोर उत्तर आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राने हिंसेची व्याख्या करताना नुसत्या प्राणघाताला हिंसा म्हटलेले नाही. प्रमादाने, म्हणजे बेसावध किंवा कषायग्रस्त वृत्तीने झालेला प्राणघात ही हिंसा होय. ज्याला आपल्या घशातील जीवाणूची जाणीव नव्हती आणि जाणीव होण्याचा मार्गही नव्हता, त्याच्याकडे प्रमाद नाही. परंतु गावात अंगणवाडी आहे, आशा ताई दारी येऊन गेल्या आहेत, लस मोफत आहे, आणि तरीही आळसाने किंवा अफवेने ती चुकवली, तेथे प्रमाद सुरू होतो. ज्ञान वाढले की प्रमादाचे क्षेत्र वाढते. १८०५ साली जिनिव्हाजवळ गास्पार व्ह्यूसो यांनी या आजाराच्या साथीचे पहिले स्पष्ट वर्णन केले, तेव्हा जे निव्वळ दुर्दैव होते ते आज अनेकदा हयगय ठरते, आणि हयगय एकट्या आईबापांचीच असते असेही नाही.

येथे उसाच्या मुलखाकडे वळावे लागते. सोमेश्वरनगर, माळेगाव आणि भवानीनगर येथील सहकारी साखर कारखान्यांचा गाळप हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो, आणि बीड, अहिल्यानगर व आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या जोड्या, ज्यांना व्यवहारात 'कोयता' म्हणतात, मुलाबाळांसह येथे उतरतात. पाचटाच्या किंवा ताडपत्रीच्या कोप्यांत सहा-सहा माणसे झोपतात, चुलीचा धूर आत कोंडतो, आई पहाटे फडात जाते आणि तान्हे मूल सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या स्वाधीन असते. दाटी आणि धूर या दोन्ही गोष्टी जीवाणूंच्या फैलावाला आणि आजाराला पोषक आहेत हे वैद्यकाला पक्के ठाऊक आहे. राष्ट्रीय कार्यक्रमात हिबचा अंतर्भाव असलेली पंचगुणी लस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना, तर न्यूमोकोकसची लस दीड व साडेतीन महिन्यांना आणि नवव्या महिन्यात द्यायची असते. ज्या मुलाचा पहिला डोस बीडकडील पाटोद्याच्या उपकेंद्रात नोंदला गेला, त्याचा दुसरा डोस नीरेच्या काठी आणि तिसरा कोठल्या फडावर असेल हे टोळी आणणाऱ्या मुकादमालाही सांगता येत नाही. असे मूल मेंदूज्वराने गेले आणि कोणी त्याला प्रारब्ध म्हटले, तर त्या प्रारब्धाचा तपशील उसाच्या भावात, मुकादमाने दिलेल्या आगाऊ उचलीत आणि दोन जिल्ह्यांच्या नोंदवह्यांमधील अंतरात लिहिलेला असतो. तो वाचता येतो, आणि जे वाचता येते त्याला अदृष्ट म्हणण्याचा अधिकार दर्शनशास्त्रानेही दिलेला नाही. 'अदृष्ट' हे मीमांसेत दृष्ट कारण उपलब्ध नसेल तेव्हाच मानायचे असते.

याच पुणे जिल्ह्याचा या आजाराशी दुसराही संबंध आहे. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात मेनिंगोकोकसच्या 'ए' प्रकाराने वारंवार मोठ्या साथी येत. त्यावर जागतिक आरोग्य संघटना आणि 'पाथ' या संस्थेच्या प्रकल्पातून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने स्वस्त लस तयार केली, आणि डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासो येथे तिची मोहीम सुरू झाली. त्या पट्ट्यातील 'ए' प्रकाराच्या साथी त्यानंतर जवळपास थांबल्या. पाच प्रकारांवर चालणारी पुढची लसही याच संस्थेची. २०२४ मध्ये नायजेरियाने ती प्रथम वापरात आणली. हडपसरहून निघालेल्या कुप्यांनी बुर्किना फासोतील वागाडुगूच्या मुलांना वाचवावे, यात दूरच्याचे कर्म दूरच्याला फळण्याचा अकृताभ्यागम आहे, आणि तो दोष मानण्याचे कारण कोणाला दिसणार नाही. धर्माने हे कधी कधी आधीच ओळखले : १९८७ मध्ये हजच्या काळात मेनिंगोकोकसची साथ उद्भवल्यावर सौदी अरेबियाने यात्रेकरूंना ही लस सक्तीची केली, आणि भारतातून जाणारा हाजी आज ती टोचून घेऊनच निघतो. यात्रेच्या नियमांत शुचितेसोबत ही सुईही बसली, आणि त्यावरून श्रद्धेत काही उणे झाले असे कोणी म्हटलेले ऐकिवात नाही.

आता नवसाचा विचार. जेजुरीचा खंडोबा, मोरगावचा मयूरेश्वर, करंज्याचा सोमेश्वर ही दैवते या परिसरातील लोकांच्या जवळची आहेत, आणि मूल अत्यवस्थ असताना नवस बोलला जातोच. नवसाने उपचार अडतो हा सुशिक्षितांचा आरोप पुष्कळदा अन्यायाचा आहे. अतिदक्षता विभागाच्या बाहेर बसलेल्या आजीने हात जोडले म्हणून आतला थेंब थांबत नाही. आड येतो तो क्रम. या आजारात टाळू फुगली, तर तिच्यावर रोज तेल भरणाऱ्या आजीच्याच बोटांना ते प्रथम कळते. मूल अंगावर प्यायचे थांबले, ताप उतरत नाही, रडणे किंचाळल्यासारखे झाले, उलट्या किंवा आकडी सुरू झाली, तर मान ताठ होण्याची वाट न पाहता, कारण तान्ह्या मुलात ती बहुधा ताठ होतच नाही, १०८ क्रमांकाला फोन लावून बारामती गाठणे हे पहिले काम, आणि अंगारा त्यानंतर. रुग्णालयातही एक अडसर असतोच. निदानासाठी कमरेजवळच्या मणक्यांमधून सुईने थोडा द्रव काढावा लागतो. 'पाठीतले पाणी काढले की मूल अधू होते' या समजुतीने नातेवाईक सही करत नाहीत. व्यंग आजाराने आलेले असते, पण ते सुईनंतर दिसते म्हणून सुईचे ठरते. जे आधी घडले ते कारण, हा तोच घाईचा तर्क आहे, ज्याने कोणी आईच्या मोडलेल्या नेमात आजाराचे मूळ शोधतो आणि कोणी बालकाच्या गतजन्मात.

इतके झाल्यावरही एक शेष राहतो, आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. सर्व लसी वेळेवर घेतलेले, पक्क्या घरात राहणारे, पहिल्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलेले मूलही लसीत नसलेल्या एखाद्या प्रकाराच्या जीवाणूने दगावू शकते, किंवा वाचूनही कायमचे बहिरे होऊ शकते. तेथे ना प्रमाद आहे, ना मुकादमाची उचल, ना कोणाचा मोडलेला नेम. कर्मविचार या ठिकाणी पुन्हा दारात येतो, आणि त्याला आत घेण्याचा मोह मोठा असतो, कारण अर्थ नसण्यापेक्षा कठोर अर्थ बरा असे मनाला वाटते. परंतु हा सिद्धान्त ज्याने त्याने स्वतःपुरता आणि पुढच्या आचरणासाठी वापरायचा आहे. सोसणारा प्रौढ मनुष्य स्वतःच्या दुःखाला प्रारब्ध म्हणून त्यातून धीर घेऊ शकतो, तो त्याचा हक्क आहे. दुसऱ्याच्या, त्यातही बोलता न येणाऱ्या लेकराच्या कपाळी ते नाव लिहिण्याचा हक्क कोणालाही नाही.

मराठी भक्तिपरंपरेने या शेषासाठी निराळी जागा राखून ठेवली आहे, ती म्हणजे गाऱ्हाणे. दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी आणि मुलगा गेल्याचे परंपरा सांगते, आणि त्यानंतरची त्यांची वाणी देवाशी भांडायला कचरत नाही. त्यांची पालखी दर आषाढी वारीला बारामती–इंदापूरच्या रस्त्याने जाते. बारामतीत कऱ्हेच्या काठी आयुष्य काढलेल्या मोरोपंतांनी 'केकावली' रचली तीही देवाला घातलेली आर्त हाक आहे, पूर्वी ज्यांना ज्यांना तारलेस त्यांची यादी समोर ठेवून मागितलेला जाब आहे. पंत १७९४ मध्ये वारले, त्या काळात अशा आजाराला कोणाकडेही उपाय नव्हता. गाऱ्हाणे देवाकडे जाण्यावाचून दुसरी जागाच नव्हती. आज त्यातील बराचसा भाग आरोग्य केंद्राकडे, कारखान्याच्या संचालक मंडळाकडे आणि जिल्हा परिषदेकडे नेता येतो आणि तिथे न्यायलाच हवा. जो भाग तेथे नेता येत नाही तेवढ्यापुरते पंतांचा पत्ता अजून चालू आहे, आणि त्या पत्त्यावर तक्रार करताना बालकाला किंवा त्याच्या आईला आधी दोषी ठरवावे लागत नाही.